निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचा कालनिर्णय : नक्षीची साक्ष कोठवर ग्राह्य ?

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं गेल्या पावसाळ्यांत निळ्या नक्षीचें एक मोठें चिनी ताट आम्हांस दाखविलें. काठ किंचित् झिजलेला, बाकी ताट शाबूत. तळाशीं दुहेरी निळ्या वर्तुळांत सहा चिनी अक्षरें आहेत. तीं एका जाणत्या गृहस्थाकडून वाचून घेतां ‘महान् मिंग वंशांतील छंग-ह्वा याच्या कारकिर्दींत केलेलें’ असा अर्थ निघाला. छंग-ह्वाची कारकीर्द इ. स. १४६५ ते १४८७. स्नेह्यांनीं यादींत ताटापुढें ‘पंधरावें शतक’ असें लिहून टाकलें, आणि तेथेंच न थांबतां त्यावर एक अनुमानहि रचलें. त्यांचे पूर्वज बहामनी अमदानींत कोंकणांतील एका बंदरावर अंमलदार होते अशी घरांत परंपरागत समजूत आहे. कागद मात्र एकहि नाहीं. तो कागदाचा अभाव या ताटानें भरून निघाला असें त्यांस वाटतें. एका ताटाच्या जोरावर घराण्याचा इतिहास दोनशें वर्षें मागें ओढला जात असेल, तर त्या ताटाची उलटतपासणी करणें हें संशोधकाचें कर्तव्यच ठरतें.

स्नेह्यांच्या प्रमाणाचे दोन भाग आहेत. पहिला, तळाचा शिक्का ; दुसरा, ‘नक्षी जुन्या मिंग वळणाची आहे’ हा त्यांचा अभिप्राय. पहिला भाग चटकन् निकालांत निघतो. दुसरा तसा निघत नाहीं, व तोच या लेखाचा खरा विषय आहे.

शिक्क्याविषयीं पोथ्या जमविणारांस फार सांगावयास नको. शके १४०० ची पोथी शके १७०० मध्यें उतरून घेणारा लेखक पुष्कळदां मूळची पुष्पिका शकासुद्धां जशीच्या तशी उतरतो, आणि अडाणी खरेदीदार तिला तीनशें वर्षांची जास्त किंमत देतो. लेखकाच्या मनांत लबाडी असतेच असें नाहीं. चिनी कुंभारांचें असेंच होतें. श्वेन-द (१४२६-३५) आणि छंग-ह्वा या दोन कारकिर्दींतलीं भांडीं पुढील पिढ्यांना आदर्शवत् वाटूं लागलीं, म्हणून त्यांचीं नांवें नव्या भांड्यांवर घालणें हा पूर्वसूरींस केलेला नमस्कार होता. त्यांत १६७७ सालीं एक राजकीय कारण मिळालें. त्या वर्षीं चिंगदेचन येथील अधिकाऱ्यानें भांड्यांवर चालू बादशहाचें, म्हणजे खांग-शीचें (१६६२-१७२२), नांव घालण्यास मनाई केली. भांडें फुटून उकिरड्यावर पडलें तर बादशहाच्या नांवाची अप्रतिष्ठा होते, असें तिचें कारण सांगतात. ही मनाई किती वर्षें पाळली गेली हा वेगळा प्रश्न. परंतु खांग-शीच्या अमदानींतील असंख्य भांड्यांच्या तळाशीं एक तर नुसतीं दोन वर्तुळें आहेत, किंवा छंग-ह्वा, श्वेन-द, च्या-चिंग अशा गतकालीन मिंग बादशहांचीं नांवें आहेत. यामुळें छंग-ह्वाच्या शिक्क्याचें भांडें समोर आलें असतां तें छंग-ह्वाच्या काळचें नसण्याचाच संभव अधिक, हें गृहीत धरून पुढें जावें.

आतां नक्षी. स्नेह्यांच्या ताटावर पाकळ्यांच्या आकाराचे कप्पे पाडलेले असून त्यांत एकाआड एक उंच, सडपातळ स्त्रिया आणि फुलांच्या कुंड्या काढल्या आहेत. ही चित्रयोजना खांग-शीच्या अमदानींत युरोपास जाणाऱ्या मालावर इतकी रुळलेली आहे कीं डच लोकांनीं या उंच बायांस एक थट्टेचें नांवच ठेवलें होतें. छंग-ह्वाच्या काळच्या कारागिरास ती ठाऊकच नव्हती. निळा रंगहि छंग-ह्वाचा मवाळ, फिकट निळा नाहीं. शाईच्या पातळ-दाट हातांप्रमाणें एकावर एक छटा चढविलेला तेजस्वी नीलमण्यासारखा रंग आहे. म्हणजे नक्षी शिक्क्यास खोटें पाडते. येथवर नक्षीवादी मंडळींचा पक्ष बलवान् आहे हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों.

परंतु ‘अमुक नक्षी म्हणजे अमुक काळ’ हें समीकरण मुळांत कशावर उभें आहे ? याचा शोध घेतां एका जोड-फुलदाणीपाशीं येऊन थांबावें लागतें. ही जोडी लंडन येथें सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहांत होती. सर पर्सिव्हल यांचा जन्म १८९२ सालीं मुंबईस झालेला. त्यांचें घराणें तेथील बगदादी यहुदी व्यापाऱ्यांचें. जोडीतील एक फुलदाणी त्यांस माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नांवाच्या संग्राहकाकडून मिळाली. (हे गृहस्थ पेशवाई बुडविणारे एल्फिन्स्टन नव्हेत, त्यांच्या पुष्कळ नंतरचे, नामसादृश्यानें कोणी फसूं नये.) २००९ पासून हा सर्व संग्रह ब्रिटिश म्यूझियममध्यें मांडलेला आहे. दोन्ही फुलदाण्यांच्या मानेवर केळीच्या पानांच्या नक्षीमध्यें लेख आहे : युआन वंशाच्या ची-चंग कारकिर्दीच्या ११ व्या वर्षीं, चौथ्या महिन्यांत, म्हणजे इ. स. १३५१ मध्यें, चांग वन-चिन नांवाच्या भाविकानें एक धूपपात्र व दोन फुलदाण्या कुटुंबाच्या सुखशांतीसाठीं देवळास वाहिल्या. तें धूपपात्र अद्याप कोणाच्या दृष्टीस पडलेलें नाहीं.

या जोडीवर आर. एल. हॉब्सन यांनीं १९२९ सालीं लेख लिहिला. तोंवर निळें-पांढरें काम मिंगपूर्व काळीं चांगल्या प्रतीचें होत होतें ही गोष्ट बहुतेकांच्या गांवींहि नव्हती, आणि लेख प्रसिद्ध झाल्यावरहि ती लवकर कोणी मनावर घेतली नाहीं. पुढें १९५२ सालीं जॉन अलेक्झांडर पोप यांनीं इस्तंबूलच्या तोपकापी महालांतील भांडीं या जोडीशीं ताडून पाहिलीं, व सुमारें चाळीस भांड्यांचा एक गट चौदाव्या शतकाचा म्हणून वेगळा काढला. त्यानंतर १९५६ सालीं त्यांनीं इराणांतील अर्दबील दर्ग्याच्या संग्रहाची तशीच छाननी केली. पोप यांची पद्धति पाहण्यासारखी आहे. त्यांनीं ‘जुनें वळण’, ‘रांगडा हात’ असल्या मोघम शब्दांवर भिस्त ठेवली नाहीं. फुलदाण्यांवरील पट्टे त्यांनीं एकेक करून सुटे केले : शेवंतीची वेल, केळीचीं पानें, ढगांतले पक्षी, कमळवेल, चार नखांचा नाग, लाटा, गुलाबासारख्या भरगच्च फुलांची वेल, आणि तळाशीं कमळपाकळ्यांचे कप्पे. मग त्यांतली प्रत्येक खूण दुसऱ्या भांड्यांवर शोधली. कमळाचीं पानें भाल्याच्या फाळासारखीं टोंकदार आहेत कीं नाहींत. पाकळ्यांचे कप्पे एकमेकांपासून सुटे आहेत कीं शेजारच्या कप्प्याशीं रेघ वांटून घेतात. सुटे कप्पे ही युआन काळची खूण आणि चिकटलेले कप्पे ही बहुशः पुढची, हा नियम फार उपयुक्त ठरला. मोडी पत्रांचा काळ केवळ ‘शिवकालीन वळण’ म्हणून न ठरवितां विशिष्ट अक्षरांच्या फांट्यांवरून ठरविण्यासारखेंच हें आहे.

असें असूनहि या पद्धतींत एक उणीव राहून गेली आणि ती पोप यांच्यापेक्षां त्यांच्या अनुयायांत अधिक दिसते. दोन फुलदाण्या एका दिवसाची साक्ष देतात, शतकाची नव्हे. १३५१ मध्यें ही नक्षी पूर्ण परिपक्व होती एवढेंच त्यांवरून सिद्ध होतें. ती केव्हां सुरू झाली व केव्हां संपली हें नव्हे. पण विक्रेत्यांच्या व कित्येक संग्रहालयांच्या याद्यांतून ‘१३५० च्या सुमाराचें’ हा शब्दप्रयोग छापाचा ठसा असावा तसा उमटत राहिला. शिवाय युक्तिवाद वर्तुळाकार होतो. नक्षी जोडीसारखी म्हणून भांडें चौदाव्या शतकाचें. आणि त्या भांड्यावर एक नवी खूण सांपडली म्हणून तीहि चौदाव्या शतकाची. मग त्या नव्या खुणेवरून तिसरें भांडें. तिसऱ्या पायरीवर मूळ आधार दृष्टीआड गेलेला असतो.

या साखळीस बाहेरून आधार मिळाला तो आपल्याच देशांत. दिल्ली येथें तुघलककालीन वाड्याच्या जागेंत गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत युआन घाटाच्या निळ्या-पांढऱ्या ताटांचे व वाडग्यांचे तुकडे मोठ्या संख्येनें मिळाले. त्यांचा अभ्यास एलन स्मार्ट यांनीं प्रसिद्ध केला. तैमूरनें १३९८ सालीं दिल्ली लुटली, हा त्या मालाचा स्वाभाविक खालचा टप्पा धरतां येतो. येथें काळ नक्षीनें सांगितलेला नाहीं, जागेनें सांगितला आहे. आणि म्हणूनच नक्षीवरील अनुमानास त्याचें पाठबळ मोलाचें.

उलट बाजूचा पुरावाहि त्याच तोपकापी महालांत उभा आहे. तेथें व्हिएतनाममध्यें घडविलेली एक निळी-पांढरी सुरई आहे. तिच्यावर स्थानिक कारकिर्दीचें ८ वें वर्ष, म्हणजे इ. स. १४५० कोरलेलें नसून रंगानें लिहिलेलें आहे, भाजण्यापूर्वींचें आहे, म्हणून निःसंशय. तिच्यावरील फुलवेल व पाकळ्यांचे कप्पे चिनी युआन परंपरेंतून आलेले आहेत. लेख नसता व घडण कोणी पाहिली नसती, तर नुसत्या नक्षीवरून ही सुरई पाऊणशें-शंभर वर्षें मागें ढकलली गेली असती. राजधानींत मोडलेली चाल खेड्यांत टिकते, हें आपण लुगड्यांच्या किनारींत रोज पाहतों. भांड्यांस तो नियम लागू नाहीं असें मानण्याचें कारण काय?

नक्षीवाद्यांची सर्वांत मोठी फजिती पंधराव्या शतकाच्या मध्यभागीं झाली. १४३६ ते १४६४ या काळांत चंग-तुंग, चिंग-ताय व त्येन-शुन या तीन कारकिर्दी होऊन गेल्या, आणि शाही भांड्यांवर या बादशहांचे शिक्के आढळत नाहींत. शिक्के नाहींत म्हणून खात्रीचा नमुना नाहीं. नमुना नाहीं म्हणून नक्षीची खूण ठरत नाहीं. खूण नाहीं म्हणून त्या काळचीं भांडीं कोणी श्वेन-दकडे, कोणी छंग-ह्वाकडे वांटून दिलीं. अखेर मधलीं सुमारें तीस वर्षें कुंभार जणूं हातावर हात ठेवून बसले होते असा ग्रह पसरला. तो दूर केला चिंगदेचनच्या उकिरड्यांनीं. शाही भट्टींतलें जें भांडें पसंतीस उतरत नसे तें फोडून तेथेंच पुरीत असत. १९८० नंतरच्या दशकांत ल्यू शिन-युआन प्रभृतींनीं हे थर उकलले, तेव्हां युंग-लो, श्वेन-द व छंग-ह्वा यांचे थर एकावर एक सांपडले. १९८८ मध्यें चंग-तुंग काळचे नागांच्या नक्षीच्या प्रचंड रांजणांचे तुकडे निघाले आणि २०१४ च्या उत्खननांत त्यांत भर पडली. फोडलेलें भांडें बाजारांत जात नाहीं, त्याची कोणी नक्कल करीत नाहीं, आणि त्याला कोणी वंशपरंपरेची कथा चिकटवीत नाहीं. साक्षीदार म्हणून तें अखंड भांड्यापेक्षां शंभर पटींनीं प्रामाणिक.

नकलेचा विषय निघाला म्हणून रंगाविषयीं थोडें लिहितों. चौदाव्या शतकांत व पंधराव्याच्या पूर्वार्धांत वापरलेला परदेशी कोबाल्ट लोहयुक्त असून त्यांत मँगेनीज कमी असे. चीनमधील देशी खनिजांत मँगेनीज भरपूर. परदेशी द्रव्य भाजतांना कोठें कोठें सांकळून काळसर ठिपके पडत. हा मूळचा दोष, पण श्वेन-दच्या भांड्यांवर तोच सौंदर्य मानला गेला. अठराव्या शतकांत थांग यिंग यांच्या देखरेखीखालीं शाही भट्टींत जुन्या घाटांच्या नकला होऊं लागल्या. १७३५ सालच्या त्यांच्या यादींत अशा नकलांचा उल्लेख आहे. तेव्हांचा शुद्ध केलेला रंग आपोआप सांकळेना, म्हणून चितारी कुंचल्याच्या टोंकानें मुद्दाम ठिपके देत. नैसर्गिक ठिपका झिलईंत खोल बसलेला व अनियमित असतो. हातानें दिलेला रेघेच्या मागोमाग शिस्तीनें चालतो. हा फरक भिंगाखालीं दिसतो, छायाचित्रांत बहुधा दिसत नाहीं. आतां क्ष-किरणांनीं लोह व मँगेनीज यांचें प्रमाण भांडें न दुखवितां मोजतां येतें, त्यामुळें या बाबतींत केवळ डोळ्यांवर विसंबण्याची गरज उरलेली नाहीं.

नकला करून त्या जुन्या भासविण्याचाहि धंदा होता. फ्रेंच जेसुइट पाद्री दांत्रकोल यांनीं चिंगदेचनविषयीं १७१२ व १७२२ सालीं दोन पत्रें लिहिलीं. त्यांत, नवीं भांडीं कोंबड्यांच्या मांसाच्या तेलकट रश्शांत शिजवून पुढें महिनाभर किंवा अधिक काळ घाणेरड्या गटारांत ठेवीत व मग तीं तीन-चारशें वर्षांचीं म्हणून खपवीत, असें वर्णन आहे. धुरांत टांगून पोथी पिवळी करणाऱ्या आपल्याकडील कलावंतांस हा पाकप्रयोग ऐकून समाधान वाटेल.

त्याच पत्रांत आमच्या मुद्द्यास अधिक महत्त्वाची माहिती आहे. कारखान्यांत एक चितारी फक्त काठाचें वर्तुळ ओढी, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढी, तिसरा रंग भरी. कोणी केवळ पाणी व डोंगर, कोणी केवळ पक्षी. एक भांडें कित्येक डझन हातांतून जाई. म्हणजे एका भांड्यावरील नक्षी ही एका मनाची कृति नव्हे. काठाची वेल म्हाताऱ्या कारागिरानें पन्नास वर्षांपूर्वीं शिकलेल्या पद्धतीनें काढलेली, आणि मधलें चित्र त्याच वर्षीं आलेल्या छापील पुस्तकांतून घेतलेलें, असें सहज होईल. अशा वेळीं जुन्या खुणेपेक्षां सर्वांत नवी खूण निर्णायक. पोथींत एक जरी शब्द पेशवाईंतला सांपडला तरी बाकीचा मजकूर कितीहि प्राचीन वाटो, ती प्रत पेशवाईच्या आधींची होत नाहीं. तोच न्याय येथें.

चितारी जें लिहीत तें त्यांस वाचतां येत असे असेंहि नाहीं. श्वेन-दपासून वान-लीपर्यंत (१५७३-१६२०) कित्येक भांड्यांवर रंजना लिपींत संस्कृत बीजाक्षरें आहेत. आमच्या पोथीसंग्राहकांनीं हीं अवश्य पाहावींत. अक्षर न समजतां उतरणाऱ्याचा हात पिढी-दरपिढी कसा घसरतो याचा तो उत्तम धडा आहे, आणि अक्षराचा हा ऱ्हास हीदेखील कालनिर्णयाची एक खूण होऊं शकते. चंग-द (१५०६-२१) काळीं अरबी-फारसी लेखांची चाल निघाली. पोर्तुगीज आल्यावर त्यांचीं चिन्हें आलीं : राजा मॅन्युएल (१४९५-१५२१) याचें गोलयंत्राचें चिन्ह एका झारीवर चक्क उलटें काढलेलें आहे. १५४१ सालचा पेरो द फारिया याच्या नांवाचा वाडगा पोर्तुगालांत बेजा येथें आहे. हा मलाक्क्याचा कप्तान. १५५२ सालच्या झोर्झे आल्व्हारिशच्या नांवाच्या सुरया प्रसिद्धच आहेत. हे सनवार लेख भाजण्यापूर्वींचे असल्यामुळें च्या-चिंग (१५२२-६६) काळच्या नक्षीस ते खुंट्यांसारखे उपयोगी पडतात. जुन्या गोव्याच्या मठांच्या अवशेषांत जीं चिनी खापरें निघतात, तीं ताडून पाहावयास हे नमुने फार जवळचे आहेत.

भाजल्यानंतर कोरलेला लेख मात्र वेगळ्या जातीचा. शहा अब्बासनें १६११ सालीं अर्दबीलच्या दर्ग्यास हजारावर चिनी भांडीं वक्फ केलीं व त्यांवर आपला लेख कोरविला. त्यावरून भांडें १६११ च्या आधींचें एवढेंच कळतें. त्यांत चौदाव्या शतकाचीं भांडीं आहेत आणि वान-ली काळचीं नवीं कोरींहि आहेत. पंधराव्या शतकाच्या आरंभींचें द्राक्षवेलीचें एक ताट सफवी राजकन्या महीनबानू हिच्याकडे होतें, पुढें तेंच शहाजहानकडे आलें, आणि त्यावर हिजरी १०५३ (इ. स. १६४३-४४) ची नोंद कोरली गेली. ताट केलें तेव्हां मोगल घराणें हिंदुस्थानांत आलेंहि नव्हतें. मालकाचा शिक्का व कर्त्याचा शिक्का यांत गल्लत करणारे लोक दस्तऐवजांतहि असतात, भांड्यांत अधिक.

सतराव्या शतकासाठीं खात्रीचा पुरावा समुद्रानें दिला आहे. ‘विट्टे लेऊ’ हें डच जहाज १६१३ सालीं सेंट हेलेना बेटापाशीं बुडालें. त्यांतून कप्पेदार काठाचीं, डच लोक ज्यांस ‘क्राक’ म्हणत तीं भांडीं निघालीं. दक्षिण चिनी समुद्रांत १९८० नंतर कप्तान हॅचर यांनीं काढलेल्या एका गलबतांत तींच क्राक नक्षी पुन्हां दिसली, आणि तिच्याबरोबरच गवताचे तुटक फटकारे व कथाचित्रें असलेली अगदीं नवी पद्धतिहि. त्या मालांतील दोन झांकणांवर षष्टिसंवत्सरचक्रांतील वर्षाचें नांव आहे. त्या नांवाचें वर्ष १५८३, १६४३ किंवा १७०३ होऊं शकतें. नुसतें ‘आनंदनाम संवत्सरे’ असें पत्र हातीं आलें तर शके १५३६, १५९६ कीं १६५६ हें जंत्री एकटी सांगूं शकत नाहीं ; मजकुरांतील माणसें पाहावीं लागतात. येथें इतर मालाकडे पाहून १६४३ ठरलें. या एका उदाहरणांत नक्षीचें खरें स्थान स्पष्ट होतें. साठ-साठ वर्षांच्या तीन पर्यायांतून एक निवडण्यास नक्षी पूर्ण समर्थ आहे. स्वतः होऊन वर्ष सांगण्यास ती समर्थ नाहीं. तसेंच, १६१३ ते १६४३ अशीं तीस वर्षें क्राक पद्धति चालू राहिली, म्हणून नुसतें क्राक भांडें पाहून वान-लीचें नांव घेणें हेंहि धाडसच.

आतां त्या ताटाकडे पुन्हां वळूं. आम्हीं तें उलटें करून पाहिलें. तळाची कडा दुहेरी असून मध्यें खांच आहे. मोठ्या ताटांना असा पाय खांग-शी काळीं देत असत. माती पांढरी व घट्ट, झिलई पातळ. घडण, रंग आणि नक्षी हे तीन स्वतंत्र साक्षीदार एका बाजूस, व सहा अक्षरें दुसऱ्या बाजूस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खांग-शीच्या भांड्यांच्याहि पुष्कळ नकला झाल्या. म्हणून झिलईवरील ओरखडे व पायाची झीज यांचीहि तपासणी केली, आणि ती या ताटास अनुकूल वाटली. आमच्या मतें यादींतील नोंद अशी असावी : ‘चिंगदेचन, खांग-शी काळ, बहुधा १६८० नंतरचें, तळाशीं छंग-ह्वाचा अनुकरणात्मक शिक्का, घराण्यांत केव्हां आलें तें अज्ञात.’ स्नेह्यांस हें रुचलें नाहीं. बहामनी बंदराची कथा खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. या ताटाचा तिच्याशीं संबंध नाहीं, एवढेंच आहे.

ज्यांच्या संग्रहीं निळी-पांढरी चिनी भांडीं असतील त्यांनीं माहिती कळवितांना दर्शनी बाजूच्या चित्राबरोबर तळाचें व पायाच्या कडेचें जवळून घेतलेलें छायाचित्र, व्यास, उंची व वजन, फुटलेल्या जागीं मातीचा रंग, आणि भाजल्यावर कोरलेला कांहीं लेख असल्यास त्याचा ठसा पाठवावा. कौटुंबिक परंपरा स्वतंत्र कागदावर लिहावी.